प्रतिस्पर्ध्यासोबत एक्स्पोर्टची ऑर्डर अर्धी-अर्धी घ्यावी का?

घ्या. फक्त आपल्या शेतकऱ्यांची यादी त्याच्या हाती लागू देऊ नका.

शेजारचा प्रतिस्पर्धी ऑर्डर मिळून घेऊ म्हणतोय, त्याच्यावर विश्वास ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. माल कोणता ते लिहिलं नाही. निफाड तालुक्यात माझं छोटं पॅकहाऊस आहे, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्यांत भरायचा कारखाना, म्हणून द्राक्षावरूनच सांगतो.

आमच्यापासून दोन किलोमीटरवर दुसरं पॅकहाऊस. शेतकऱ्याच्या बागेचा सौदा, म्हणजे प्लॉट, धरताना आमची कायम ओढाताण. सकाळी मी भाव बोललो की संध्याकाळी तो रुपया वाढवून बांधावर हजर. तरी फेब्रुवारीत कंटेनर एकत्र भरायचो. 40 फुटी कंटेनरला 20 पॅलेट लागतात आणि 18 मिमीच्या वरच्या मण्यांचा एकसारखा माल दोन दिवसांत तेवढा जमवणं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

2012 च्या हंगामात रात्री माझ्या प्रीकूलिंगचा, म्हणजे माल थंड करायच्या खोलीचा, कॉम्प्रेसर बंद पडला. आत थॉमसन जातीच्या द्राक्षाचे सहा पॅलेट. अकरा वाजता त्याला फोन केला. त्याने आपला माल दाटीने लावून जागा केली, स्वतःची माणसं उठवली आणि भाड्याचा एक रुपया घेतला नाही. हे मी आजही विसरलेलो नाही.

पुढच्याच वर्षी त्याच माणसाने माझे तीन शेतकरी नेले.

2006 पासून ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या ऑनलाइन नोंदणीमुळे पेटीचा माग थेट प्लॉटपर्यंत लागतो. कंटेनर एक, म्हणून आम्ही कागदही एकत्र केले. माझ्या पॅलेटचे नोंदणी क्रमांक, शेतकऱ्यांची नावं, गावं, सगळं त्याच्या टेबलावर. कोणाच्या बागेत मण्याला फुगवण येते, कोणाची गोडी वेळेत भरते, हे कळायला मला चार वर्षं बांधावर फिरावं लागलं होतं. त्याला ते एका कागदावर मिळालं. किलोमागे पाच रुपये जास्त देऊन तो मोकळा झाला.

तेव्हापासून दादा प्रत्येक दिवाळीला ऐकवतो, वैऱ्यासोबत माल भरलास, भोग आता. दादा मोठा आहे, पण हे मला अजिबात पटत नाही. 2010 साली आमचा धंदा दादाच बघायचा आणि कोणाला पॅकहाऊसचं दार उघडं नव्हतं. त्या साली युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं आपलं सीसीसी, 0.05 पीपीएमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंटेनर अडकले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते तोवर नव्हतंच. आमच्या मालात काही निघालं नाही, तरी भाव आमचाही पडला. तिथल्या खरेदीदाराला निफाड आणि तासगाव वेगळे दिसत नाहीत, सगळी भारताचीच द्राक्षं. शेजाऱ्याने एप्रिल छाटणीनंतर काय फवारलं ते विचारायला दादा कधी गेला नाही. बंद दाराने आम्हाला वाचवलं का? द्राक्ष निर्यात करणारी महाग्रेप्स 1991 मध्ये उभी राहिली तीसुद्धा शेतकऱ्यांच्या सोसायट्या एकत्र आल्या म्हणूनच.

चूक कंटेनर एकत्र भरण्यात नव्हती. कागद एकत्र केले, ती चूक माझी. औषधांच्या नोंदी, मालात औषधाचा अंश किती ते सांगणारे तपासणीचे रिपोर्ट, शीतगृह, गाडीभाडं हे उघड ठेवावं. शेतकरी आणि खरेदीदार ज्याचे त्याने सांभाळावेत.

एक राहिलं. आमचा माल बहुतेक कन्साइनमेंटवर जातो, भाव तिकडे पोहोचल्यावर ठरतो. प्रतिस्पर्ध्याच्या पॅलेटमध्ये मणीगळ, म्हणजे घडातून सुटलेले मणी, निघाली तर कपात तुमच्याही पैशातून होते. पॅलेटवर वेगळे टॅग लावा आणि कपात कोणाच्या खात्यात जाणार ते माल भरण्याआधी लिहून घ्या. तुमचा माल टिकाऊ असेल, मसाला वगैरे, तर एवढी घाई नसते. मग एकत्र यायची गरज आहे का तेही बघा.

यंदाही आमचा पहिला कंटेनर एकत्रच न्हावा शेव्याला गेला. कागद मी माझे सरळ सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला, पाठवले, शेजाऱ्याने त्याचे. दादाला सांगितलं. तो अजून मानत नाही.