वाचकांचे प्रश्न : शंकरराव चव्हाण आणि गोदावरीचे पाणी

प्रश्न : १४ जुलैला शंकरराव चव्हाण यांच्या जयंतीनिमित्त शाळेत भित्तिपत्रक करायचे आहे. त्यांच्या कारकिर्दीच्या तारखा पुस्तकागणिक वेगळ्या सापडतात. कोणत्या धराव्यात?
– एक शिक्षिका, भोकर

उत्तर : कुणी राजीनाम्याचा दिवस धरतो, कुणी पुढच्या मुख्यमंत्र्याच्या शपथविधीचा, म्हणून हा घोळ होतो. मुलांच्या तक्त्यावर महिना आणि वर्ष पुरे. जन्म १४ जुलै १९२०, पैठण. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभाग. पुढे नांदेडचे नगराध्यक्ष, द्विभाषिक मुंबई राज्यात उपमंत्री आणि १९६० नंतर राज्याचे पाटबंधारे मंत्री. मुख्यमंत्रिपद दोनदा : फेब्रुवारी १९७५ ते मे १९७७ आणि मार्च १९८६ ते जून १९८८. दोन्ही मिळून जेमतेम साडेचार वर्षे भरतात. सार्वजनिक जीवन जवळपास अर्धशतकाचे, त्यामुळे हा आकडा ऐकून मुलांना नवल वाटेल. तो मोठ्या अक्षरात लिहा.

तक्ता बहुतेकदा चुकतो तो दिल्लीच्या रकान्यात. शिक्षण, नियोजन, संरक्षण आणि गृह ही खाती सांभाळून ते १९८६ मध्ये मुंबईत परतले, आणि १९८८ मध्ये अर्थमंत्री म्हणून पुन्हा दिल्लीत गेले. १९८९-९० चा केंद्रीय अर्थसंकल्प त्यांनीच मांडला. गृहमंत्रिपदही दोनदा आले. पहिल्यांदा १९८४ च्या अखेरीपासून मार्च १९८६ पर्यंत, दुसऱ्यांदा १९९१ ते १९९६. बाबरी मशीद पडली तेव्हा आणि मुंबईत बॉम्बस्फोट झाले तेव्हा गृहखाते त्यांच्याकडे होते. हे वगळून केलेला तक्ता अपुरा राहील. निधन २६ फेब्रुवारी २००४.

प्रश्न : मुख्यमंत्री असताना शंकररावांनी जायकवाडी बांधले, असे भाषणात म्हटले तर चालेल का? आणि धरण पैठणला असताना नाव जायकवाडी कसे?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, पैठण

उत्तर : तसे म्हणू नका. पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. मुख्यमंत्री तेव्हा वसंतराव नाईक होते. शंकररावांच्या हाती पाटबंधारे खाते होते, आणि आमच्या मते त्यांचे सगळ्यांत मोठे काम त्याच खुर्चीतले आहे. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले तेव्हा मात्र ते मुख्यमंत्री होते. पाया आणि लोकार्पण, दोन्ही वेळी हा माणूस जबाबदारीच्या जागी होता. तुमच्या भाषणाला एवढे वाक्य पुरेल, आणि ते खरे आहे.

नावाचे म्हणाल, तर हैदराबाद राज्याच्या काळातली मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती. पुढे जागा नदीच्या वरच्या अंगाला, शंभरावर किलोमीटर लांब, पैठणला निश्चित झाली. कागदावर चढलेले नाव तेच राहिले. जलाशयाला नाथसागर म्हणतात ते संत एकनाथांमुळे. भाषणात आणखी एक गोष्ट जरूर सांगा : या पाण्याखाली पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे भागातल्या गावांची काळीभोर जमीन गेली. ज्यांची गेली त्यांचा उल्लेख न करता धरणाचे कौतुक करू नये.

प्रश्न : कुणी जायकवाडी ७६ टीएमसीचे म्हणतो, कुणी १०२ चे. खरे कोणते? आणि धरण भरूनही आमच्या चारीला (कालव्यातून शेताकडे येणाऱ्या छोट्या पाटाला) पाणी का पोचत नाही?
– शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : दोन्ही खरे. एकूण साठा २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला ७३८ दलघमी, सुमारे २६ टीएमसी, मृतसाठा. कालव्याच्या तोंडाखाली राहणारे हे पाणी आपसूक कालव्यात उतरत नाही. उरतो २,१७१ दलघमी, म्हणजे ७६ टीएमसीच्या थोडा वर. तो जिवंत साठा. पेपरातली टक्केवारी या जिवंत साठ्याची असते. ५० टक्के वाचले की ३८ टीएमसी समजा. दलघमीचे टीएमसी करायला २८.३ ने भागा.

या ३८ मधलेही सगळे शेताला मिळत नाही. नाथसागर पसरट आणि उथळ आहे, उन्हाळ्यात बाष्पीभवन मोठे होते. शिवाय छत्रपती संभाजीनगर, जालना आणि उद्योग यांचे पाणी आधी बाजूला ठेवावे लागते. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. उजव्याचे पाणी शेवटी माजलगावच्या धरणात जाते. तुमची चारी डाव्याच्या टेलकडे, म्हणजे शेवटच्या टोकाकडे असेल, तर अस्तर फुटलेले, तळाला गाळ, कडेला झुडपे, म्हणून कालवा मूळ क्षमतेने वाहत नाही. त्यात वरचे लोक मोटारी टाकून पाणी उचलतात, आणि आवर्तन (ठरावीक मुदतीसाठी कालव्यात सोडलेले पाणी) टेलला पोचेपर्यंत पाळी संपलेली असते. पाणीवापर संस्था असेल तर अर्ज संस्थेच्या नावाने, पाळी सुरू होण्याआधी शाखा कार्यालयात द्या, आणि चारीच्या तोंडाशी मोजमाप मागा. ‘पाणी आले नाही’ एवढ्या तोंडी तक्रारीचे काहीही होत नाही.

वरच्या धरणांचा प्रश्न वेगळा आहे. १५ ऑक्टोबरला, खरिपाचा वापर धरून, जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा नियम आहे. म्हणून त्या दिवशीचा आकडा नोंदवून ठेवत जा.

प्रश्न : शंकररावांना ‘हेडमास्तर’ का म्हणत? ‘शून्याधारित अर्थसंकल्प’ त्यांचाच ना?
– स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, लातूर

उत्तर : वेळ, शिस्त आणि फाइल पाहण्याची पद्धत, यांमुळे. शून्याधारित अर्थसंकल्प त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीतला. गेल्या वर्षीच्या खर्चात दहा टक्के वाढवून मागणी करायची, ही सरकारी सवय यात चालत नाही. प्रत्येक योजनेने शून्यापासून आपली गरज पटवायची. पटली नाही तर योजना बंद, रिकामी झालेली माणसे दुसरीकडे. खात्यांना हे जड जाणारच होते.

परीक्षेत हमखास येणारे : मराठवाड्यातले मुख्यमंत्री चार. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. शंकरराव आणि अशोकराव ही राज्यातली एकमेव पिता-पुत्र मुख्यमंत्र्यांची जोडी.