सिंगापूरमध्ये लिहायला बसण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र आणि सोबतचा लेखाचा मसुदा मिळाला. सिंगापूरला जाऊन तुला तीनच महिने झाले आहेत. एवढ्या थोड्या काळात तिथली वृत्तपत्रे, दूरचित्रवाणीवरच्या बातम्या आणि कार्यालयातल्या जेवणाच्या सुट्टीतील बोलणे तू इतक्या बारकाईने टिपलेस, याचे मला मनापासून समाधान वाटले. मात्र ‘इथली माणसे घाबरलेली आहेत, आपल्याकडे माणूस मोकळेपणाने बोलतो’ या वाक्याने तू लेख संपवला आहेस, तिथे मी अडखळलो. १९९० च्या दशकात मी नोकरीनिमित्त त्या शहरात सात वर्षे राहिलो. परक्या माणसाला तिथे काय दिसते आणि काय नजरेआड राहते, हे मी चुका करत शिकलो. म्हणून लेख छापायला पाठवण्यापूर्वी हे पत्र वाच, एवढाच आग्रह आहे.

सेन्सॉरशिप म्हटले की आपल्यासमोर कात्री येते. तीच कात्री तू तिथे शोधलीस, ती सापडली नाही, आणि मग लोक गप्प का आहेत याचे कारण ‘भीती’ या एका शब्दात शोधलेस. प्रत्यक्षात तिथली व्यवस्था कात्रीवर फारशी चालतच नाही. १९७४ च्या वृत्तपत्रविषयक कायद्याने प्रत्येक वर्तमानपत्राला दरवर्षी परवाना घ्यावा लागतो. त्याशिवाय वृत्तपत्र कंपनीत ‘व्यवस्थापन समभाग’ नावाचा वेगळा वर्ग ठेवावा लागतो. हे समभाग सरकारच्या मान्यतेनेच दिले जातात आणि संचालकांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचा व बडतर्फीचा ठराव असेल तेव्हा अशा एका समभागाला साध्या समभागाच्या २०० पट मते असतात. संपादकाच्या खुर्चीत कोण बसणार हेच अशा रीतीने ठरत असेल, तर त्याच्या मजकुरावर रोज लाल पेन्सिल फिरवण्याची गरज कोणाला उरेल?

परदेशी नियतकालिकांच्या बाबतीत योजलेला उपाय तर मला आजही विचार करायला लावतो. १९८६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. देशांतर्गत राजकारणात ढवळाढवळ करणाऱ्या परदेशी पत्रांवर बंदी न घालता त्यांच्या विक्रीच्या प्रती मर्यादित करण्याचा अधिकार सरकारने घेतला. १९८७ मध्ये ‘एशियन वॉल स्ट्रीट जर्नल’च्या सुमारे ५,००० प्रती ४०० वर आणल्या गेल्या. त्यानंतर, अशा पत्रांचा मजकूर जाहिराती वगळून पुन्हा छापून विकण्याचीही मुभा देण्यात आली. वाचकाला मजकूर मिळावा आणि प्रकाशकाचे उत्पन्न तेवढे बुडावे, असा तो हिशेब होता. २०१३ मध्ये मोठ्या वृत्तसंकेतस्थळांना ५०,००० सिंगापूर डॉलरची हमी आणि आक्षेपार्ह मजकूर २४ तासांत काढण्याची अट लागू झाली. २०१९ च्या खोट्या माहितीविरोधी कायद्याने तर मंत्र्यांनाच दुरुस्तीचा आदेश काढता येतो आणि न्यायालयाची पायरी त्यानंतर येते. तुझ्या मसुद्यात यातले काहीच नाही. व्यवस्था चालते कशी हे सांगितल्याशिवाय ती वाईट आहे असे म्हटले, तर वाचकाला तुझा राग कळतो, विषय मात्र कळत नाही.

आता कारणांकडे ये, कारण इथे तुझ्या लेखाला खरी खोली येऊ शकते. डच कॅथलिक आईवडिलांची आणि मलय मुस्लिम बाईने वाढवलेली मारिया हर्टोग ही मुलगी १९५० मध्ये न्यायालयाच्या निकालाने जन्मदात्यांकडे सोपवली गेली. तिला काही दिवस ख्रिस्ती जोगिणींच्या मठात ठेवले होते. तिथली तिची छायाचित्रे वृत्तपत्रांनी छापली आणि शहरातल्या मुस्लिमांच्या मनाला ती फार लागली. ११ डिसेंबरपासून तीन दिवस दंगल उसळली, १८ माणसे मेली आणि १७३ जखमी झाली. पुढे जुलै १९६४ मध्ये पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीतून चिनी आणि मलय समाजांत दंगल पेटली, तीत २३ जणांचा जीव गेला, आणि त्या वेळीही काही वृत्तपत्रांच्या प्रक्षोभक लिखाणाकडे सिंगापूरच्या नेत्यांनी बोट दाखवले. मी तिथे असताना साठी ओलांडलेली जी माणसे मला भेटली, त्यांना या दंगलींच्या वेळची संचारबंदी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आठवत होती. वंश आणि धर्म यांविषयी ती सावकाश आणि शब्द निवडून बोलत, यामागे सरकारच्या धाकाइतकीच ही आठवण होती. २०२२ मध्ये काश्मिरी पंडितांच्या विस्थापनावरील हिंदी चित्रपटाला तिथे प्रदर्शनाची परवानगी नाकारली गेली, तेव्हाही मुस्लिमांचे एकांगी चित्रण आणि समाजांत वैर पसरण्याचा धोका हेच कारण देण्यात आले.

याचा अर्थ ती व्यवस्था योग्य आहे असे मी म्हणतो, असे समजू नकोस. माझे मत स्पष्ट आहे. दंगलीची आठवण खरी आहे, पण तिच्या आडोशाने राज्यकर्त्यांवरची टीकाही अडवली गेली. सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९७१ मध्ये हेलसिंकी येथे जगभरच्या संपादकांसमोर वृत्तपत्रस्वातंत्र्य हे राष्ट्राच्या अखंडत्वापुढे आणि निवडून आलेल्या सरकारच्या उद्दिष्टांपुढे दुय्यम मानले पाहिजे, असे उघडपणे मांडले. त्याच वर्षी ‘नानयांग सियांग पाउ’ या चिनी दैनिकातील वरिष्ठांना अटक झाली होती आणि ‘सिंगापूर हेरल्ड’ बंद पडले होते. राष्ट्राचे हित आणि सरकारची उद्दिष्टे एकाच वाक्यात बसवली की दोहोंमधली रेघ पुसट होते, आणि ती कोणी पुसली हे नागरिकाला विचारता येत नाही.

तुझ्या पत्रात न आलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे भाषेची. १९७९ मध्ये ‘मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) बोला’ ही मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत हॉकिएन, कँटोनीज, तेओच्यू या चिनी बोलींतले कार्यक्रम रेडिओ-दूरचित्रवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. माझ्या शेजारी एक हॉकिएन बोलणारी आजी राहत असे. तिची नातवंडे शाळेत इंग्रजी आणि मँडरिन शिकत होती. संध्याकाळी सगळे घर दूरचित्रवाणीसमोर बसे, आणि ती चेहऱ्यांवरून कथा जुळवत राही. कोणी अन्याय केला असे तिला वाटत नसावे, निदान तिने तसे कधी दाखवले नाही. पण वगळल्या गेलेल्या बातमीपेक्षा मला ती आजी अधिक लक्षात राहिली आहे.

तिच्याविषयी मी तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी एक परिच्छेद लिहिला होता. लेख देण्याच्या आदल्या रात्री मी तो स्वतःच काढून टाकला. मला कोणी सांगितले नव्हते, कोणी सुचवलेही नव्हते. भाषेचे धोरण नाजूक आहे, आपण पाहुणे आहोत, उगाच कशाला, एवढाच विचार मनात आला आणि मला तो शहाणपणाचा वाटला. तिथे न बोलण्याच्या विषयांच्या सीमेला गोल्फच्या खेळातून आलेला ‘ओबी मार्कर’ (‘आउट ऑफ बाउंड्स’, म्हणजे हद्दीबाहेरची खूण) हा शब्द वापरतात. ही सीमा कुठेही लिहिलेली नसते, त्यामुळे प्रत्येक जण ती आपल्या अंदाजाने थोडी अलीकडेच आखतो. माझीही आखून झाली होती, आणि ते मला भारतात परतल्यावर कळले. तू लोकांच्या भीतीविषयी लिहितेस तेव्हा म्हणूनच तुला विचारतो: या तीन महिन्यांत घरी केलेल्या फोनवर तू कोणते विषय टाळू लागली आहेस?

‘आपल्याकडे मोकळेपणा आहे’ या वाक्याचाही पुन्हा विचार कर. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, आणि १९७० च्या दशकात एका गाजलेल्या मराठी नाटकाला प्रयोगासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. आपल्याकडे शासनाच्या आधी जमावच पुस्तकाच्या दुकानासमोर उभा राहतो, हेही तू पाहिले आहेस. दोन देशांची तुलना अवश्य कर, पण आपल्या घराचे माप मोजून कर.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. हाँग लिम उद्यानातल्या वक्त्यांच्या कोपऱ्यावर २००० सालापासून नागरिकांना भाषणे करता येतात आणि २००८ पासून निदर्शनेही. तू नागरिक नाहीस आणि कायमची रहिवासीही नाहीस, तेव्हा परवान्याशिवाय भरणाऱ्या तिथल्या निदर्शनांत तुला सामील होता येत नाही, हे विसरू नकोस. मसुद्यात तू ज्या दोन सहकाऱ्यांचे बोलणे दिले आहेस, त्यांची नावे, विभाग आणि वंश काढून टाक. तू उद्या पुण्याला परत येशील, त्यांना तिथेच नोकरी करायची आहे, आणि त्यांनी ते तुझ्याशी बोलताना तू लेख लिहिणार आहेस हे त्यांना ठाऊक नव्हते. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जा, डिसेंबर १९५० ची वृत्तपत्रे काढून ती छायाचित्रे स्वतः पाहा, आणि तू त्या दिवशीची संपादक असतीस तर ती छापली असतीस का, याचे उत्तर लेखात दे. सवड झाली तर एखाद्या रविवारी जोहोरचा सेतू ओलांडून पलीकडे जा. सेतू जेमतेम एक किलोमीटरचा आहे, पण मलेशियाची वृत्तपत्रे सिंगापुरात आणि सिंगापूरची मलेशियात विकू न देण्याची रीत दोन्ही सरकारांनी दीर्घकाळ पाळली आहे. दोन्हीकडची पत्रे एकाच दिवशी वाचून पाहा.

मी काढून टाकलेला तो परिच्छेद जुन्या वहीत अजून आहे. त्याची नक्कल या पत्रासोबत ठेवली आहे. वाचून कळव, त्यात टाळण्यासारखे काय होते. मला अजून सापडलेले नाही.

तुझा,
सर