हार्ट पॅकेज घेऊ की कर्ज फेडू? वडिलांना ४९ व्या वर्षी अटॅक आलेल्या वाचकाला उत्तर

तुमचं पत्र थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३८, घरात बायको आणि १० वर्षांची मुलगी, दोघींचा खर्च तुमच्या पगारावर, घराचं कर्ज अजून १४ वर्षं बाकी. वडिलांना ४९ व्या वर्षी हार्ट अटॅक आला, बायपास झाली, काका ५६ व्या वर्षी अटॅकने गेले. बोनसचे साधारण दोन पगारांएवढे पैसे हातात आलेत आणि त्यातला अर्धा पगार घालून 'संपूर्ण हार्ट पॅकेज' घ्यावं, ज्यात ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून करतात ती), सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन) सगळंच आहे, की सगळे पैसे कर्जात भरून टाकावेत, असं विचारलंय. आणि अगदी शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंय की रिपोर्टमध्ये काही निघालं तर इन्शुरन्स मिळणार नाही, मग तपासणीच नको का. मला वाटतं तुम्हाला रात्री झोप लागत नाहीये ती या ओळीमुळे, कर्जामुळे नाही.

माझं मत आधीच सांगते. तपासणी करा, याच महिन्यात करा, पण पॅकेज घेऊ नका. आणि कर्जात एक पैसाही आत्ता जास्तीचा भरू नका.

मी डॉक्टर नाही, कुठली टेस्ट करायची हे शेवटी डॉक्टरच ठरवणार. पण तपासणीवर घातलेला पैसा कुठे कामी येतो आणि कुठे वाया जातो हे बऱ्याच घरांत बघितलंय, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट फुकटची आहे. घरातली माहिती नीट गोळा करा. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर त्याला लवकर आलेला आजार धरतात आणि तुमची जोखीम वरच्या खान्यात टाकतात. वडील ४९ चे होते म्हणजे तुम्ही त्यात बसता. काकांचं वजन त्यामानाने कमी, पण तेही सांगा. वडिलांना विचारा, तेव्हा सिगारेट होती का, शुगर होती का, कोलेस्टेरॉल किती होतं, जुने कागद असतील तर काढा. काकांचंही नक्की काय झालं होतं ते विचारा, कारण आपल्याकडे कोणी अचानक गेलं की सगळ्यालाच 'अटॅक' म्हणतात, पण हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार असतो, साधारण ५०० माणसांत एकाला, आणि तसा काही संशय असेल तर तपासणीची दिशाच बदलते, मग इको आणि ईसीजी आधी येतात.

दुसरी पायरी म्हणजे एक साधी डॉक्टरची भेट आणि थोड्या रक्ताच्या टेस्ट. बीपी, शुगरसाठी एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्टेरॉलची टेस्ट, आणि एक जी पॅकेजमध्ये बहुतेक वेळा नसतेच ती म्हणजे लायपोप्रोटीन ए, रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एका कणाची टेस्ट. ही शेवटची मुद्दाम मागून घ्या. ती जवळपास पूर्णपणे जनुकांवर ठरते, आयुष्यभर फारशी बदलत नाही, त्यामुळे साधारणपणे एकदा केली की पुरते, आणि जगात दर पाच माणसांत एकाची ती जास्त असते. माणूस बारीक आहे, पळतो, सिगारेट नाही, तरी घरात अटॅक, अशा घरांत हिच्यामुळे कधीकधी उलगडा होतो. आणि लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० च्या वर आलं तर डॉक्टर आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा विचार करतात, तो साधारण २५० माणसांत एकाला असतो आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता ५० टक्के. म्हणजे तुमचा रिपोर्ट हा तुमच्या मुलीचा आणि धाकट्या भावाचाही रिपोर्ट आहे. एका माणसाच्या खर्चात तीन माणसांना दिशा मिळते, याहून चांगला परतावा मला तरी माहीत नाही.

या सगळ्याला पॅकेजच्या किमतीचा अगदी छोटा भाग लागेल. ऑफिसकडून वर्षाचं चेकअप मिळत असेल तर त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिथेच होतील, एचआरला एक मेल टाका.

आता पॅकेज का नको. स्ट्रेस टेस्ट प्रामुख्याने तेव्हा बोलते जेव्हा धमनी बरीच, म्हणजे साधारण ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झालेली असते, आणि बरेच अटॅक येतात ते तेवढा अडथळा नसलेल्या ठिकाणचा, धमनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर फुटून तिथे गुठळी झाल्याने. त्यामुळे 'स्ट्रेस टेस्ट नॉर्मल' हा कागद बघून माणूस निर्धास्त होतो आणि एलडीएलकडे बघत नाही, हे मी माझ्याच एका क्लायंटच्या बाबतीत बघितलंय, दोन वर्षं फाइलमध्ये तो कागद सगळ्यात वर लावलेला आणि त्याच फाइलमधला लिपिडचा रिपोर्ट कुणी उलगडलाच नाही, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. सीटी अँजिओग्राफीत डाय टाकतात, रेडिएशन असतं, आणि काहीच त्रास नसलेल्या माणसात काहीतरी छोटंमोठं दिसलं की पुढच्या टेस्टची रांग लागते, प्रत्येकीचं बिल वेगळं. ती टेस्ट वाईट नाहीये, छातीत दुखणाऱ्या माणसाला ती फार उपयोगी आहे, पण तुम्हाला सरसकट पहिली पायरी म्हणून नको.

मधली एक टेस्ट मात्र डॉक्टरांना विचारा, कॅल्शियम स्कोअर. डाय नाही, काही मिनिटांचं काम, रेडिएशन कमी. धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठलंय का ते आकड्यात सांगते. साधारण चाळिशीनंतर करतात पण घरातला इतिहास जोरदार असेल तर थोडी आधी करायची का हे डॉक्टर बघतात. शून्य आला तर दिलासा आहे, पूर्ण खात्री नाही, कारण कॅल्शियम न झालेला मऊ थर तिला दिसत नाही. औषध सुरू करावं का यावर डॉक्टर आणि तुम्ही अडकलात तर ही टेस्ट निर्णयाला मदत करते, म्हणून तिच्यावर घातलेला पैसा मला पटतो.

तुम्ही लिहिलंत, 'काही निघालंच तर खर्च झेपणार नाही'. बहुतेक वेळा जे निघतं ते वाढलेलं एलडीएल, बीपी किंवा शुगर, आणि त्याच्या गोळ्या जुन्या आहेत. पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, १९८७ साली बाजारात आलं, आता बहुतेक स्टॅटिन्स जेनेरिक मिळतात. एलडीएलचा रिपोर्टमधला आकडा (मिग्रॅ/डेलीमध्ये) साधारण ३९ ने खाली आला की अटॅक, स्ट्रोक, बायपास-स्टेंट यांसारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात. हा दरमहाचा छोटा खर्च आहे, बजेटमध्ये कायमची एक ओळ टाका आणि विसरा.

आणि कुणी एकदम स्टेंट सुचवला, तुम्हाला त्रास नसताना, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचे पैसे बाजूला ठेवा. २०२० साली छापून आलेल्या इस्केमिया नावाच्या अभ्यासात ५ हजारांहून जास्त स्थिर रुग्ण होते, निम्म्यांना औषधं आणि सोबत अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना सुरुवातीला फक्त औषधं, आणि मृत्यू किंवा अटॅक यांत ठोस फरक दिसला नाही. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले त्यात नव्हते, आणि अटॅक चालू असताना टाकलेला स्टेंट हा पूर्ण वेगळा विषय, तो जीव वाचवतो, तिथे पैशाचा विचार करत बसायचं नाही. चालताना छाती जड होणं, दम लागणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, घाम फुटणं यातलं काही होत असेल तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि आजच दाखवा.

आता इन्शुरन्स. तुमच्याकडे टर्म कव्हर, म्हणजे माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, नाहीये हे वाचून मला खरंच काळजी वाटली, कर्ज आणि दोन माणसं अवलंबून असताना ते आधीच हवं होतं. अर्ज याच आठवड्यात करा. फॉर्ममध्ये वडिलांचं वय आणि आजार विचारतील, खरं लिहा. विमा कंपनी तुमची मेडिकल करेल ती होऊ द्या. प्रीमियम थोडा जास्त आला तरी घ्या. पण पॉलिसी यायची वाट बघत तपासणी लांबवू नका, दोन्ही एकाच वेळी चालू द्या, आणि पॉलिसी सुरू व्हायच्या आत रिपोर्ट आला तर तो कंपनीला कळवा. लपवून घेतलेली पॉलिसी क्लेमच्या दिवशी तुमच्या बायकोला एकटीला लढवावी लागेल, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसाल.

उरलेल्या पैशांचं असं करा. तपासणी आणि प्रीमियम काढून जे राहील ते सगळं इमर्जन्सी फंडात. तुमच्याकडे दोन महिन्यांचा खर्च बाजूला आहे म्हणालात. बायपासनंतर माणसाला कामावर परतायला साधारण दीड ते तीन महिने जातात आणि तेवढ्यात हप्ता थांबत नाही, त्यामुळे निदान सहा महिने हवेत. कर्जात आधी भरलेला पैसा व्याज वाचवतो हे खरं, पण गरज पडली की बँक तो सहजासहजी परत देत नाही. सहा महिन्यांचा फंड झाला की खुशाल प्रीपेमेंट सुरू करा.

भावाला फोन आजच करा, तो ३४ चा आहे आणि तुम्ही लिहिलंय की तो सिगारेट ओढतो, म्हणजे डॉक्टरकडे जायची घाई त्याला तुमच्याहून जास्त आहे. आणि पत्रात आईकडच्या बाजूबद्दल काहीच नाहीये. मामा, आजोबा, कोणाला काय होतं तेही आईला विचारून घ्या, डॉक्टर विचारतीलच.