घरात ५ अंडी आणि अर्धा पुडा शिळा ब्रेड आहे. चौघांचं रात्रीचं जेवण होईल का?

होईल, पोटभर होईल. फक्त अंडी वेगळी आणि ब्रेड वेगळा असं वाढू नका. पाच अंड्यांची ऑम्लेटं चौघांत वाटायला गेलं की हिशेब जुळत नाही, शेवटचं तव्यावर असताना पहिलं गार झालेलं असतं, आणि करणाऱ्याच्या वाट्याला कडेचे तुकडे येतात. (अनुभवाचे बोल.) त्यापेक्षा ब्रेडलाच अंडी पिऊ द्या आणि सगळं एका पॅनमध्ये जाडजूड शिजवा.

ब्रेड शिळा असल्याचं तुम्ही जरा ओशाळून लिहिलंय, पण इथे तोच हवा. ताज्या ब्रेडचा दुधात लगदा होतो. शिळ्या ब्रेडमधला स्टार्च घट्ट झालेला असतो, त्यामुळे फोडी आकार न सोडता भिजतात. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र तेवढाच भाग कापून बाकीचा वापरू नका, सगळा टाका. मऊ ब्रेडमध्ये बुरशी दिसते त्यापेक्षा आत पसरलेली असते.

८ स्लाइसच्या मोठ्या फोडी करा. ५ अंडी, साधारण २०० मिली दूध, मिरपूड आणि अर्धा चमचा मीठ फेटून घ्या. ब्रेडमध्येही मीठ असतं, म्हणून हात आखडता ठेवा. अंडी जुनी वाटत असतील तर एकेक वेगळ्या वाटीत फोडून वास बघा, नाहीतर एका नासक्या अंड्यापायी बाकीची चार जातात. फोडी या मिश्रणात १५ मिनिटं भिजू द्या, मधे एकदा हलक्या हाताने खालीवर करा.

तोवर दोन कांदे चिरून थोड्या तेलात परता. इथे घाई नको. पारदर्शक झाला की झालं असं समजून बहुतेक जण थांबतात, पण आणखी पाच-सात मिनिटं मंद आंचेवर ठेवला तर तो तपकिरी आणि गोडसर होतो. एवढ्या कमी सामानात चव आणायला दुसरं आहे तरी काय? उरलेली भाजी, थोडा पाला, टोमॅटो, जे असेल ते त्यातच टाका. टोमॅटोचं पाणी मात्र आटू द्या.

आता भिजलेला ब्रेड कांद्यावर पसरा, उरलेलं मिश्रण वरून ओता, झाकण ठेवा आणि आंच अगदी बारीक करा. नुसतं पांढरं साधारण ६२ अंशांपासून आणि बलक ६५ च्या पुढे घट्ट व्हायला लागतो. दूध मिसळलं की त्याहून थोडी जास्त उष्णता लागते. ती मधोमध पोचायला वेळ द्यावा लागतो. मी पहिल्यांदा भुकेल्या पोरांच्या नादात गॅस मोठा केला होता. तळ करपला, मध्य कच्चा राहिला आणि उलटताना निम्मं शेगडीवर सांडलं. २४ सेंटीमीटरच्या पॅनला १२ ते १५ मिनिटं लागतात. वरचा भाग हलायचा थांबला की कडा सोडवा, पॅनवर ताट पालथं घालून उलटा, आणि दुसरी बाजू तीन-चार मिनिटं भाजा. धीर होत नसेल तर उलटूच नका, झाकणाखाली आणखी पाच मिनिटं राहू द्या. खरपूसपणा तेवढा एकाच बाजूला येईल.

दूध नसेल तर पाणी चालतं, चव थोडी फिकी लागते.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे प्रत्येकाला अंड्यांतून सात-आठ ग्रॅम मिळतील, ब्रेड आणि दुधातली वेगळी. चार सारखे भाग ताटात वाढण्याआधीच पॅनमध्ये कापा, म्हणजे कुणाला जास्त मिळालं यावरून भांडण नाही. आणि पाच मिनिटं निवू द्या. गरम गरम कापलं तर तुकडे मोडतात.