पहिल्यांदाच मशीद बघायला जातोयस, तर

सोलापुरातली एखादी नवी मशीद बघायची तर शुक्रवारची दुपार टाळ. सकाळी १० च्या सुमाराला जा. फजर, म्हणजे पहाटेची नमाज, होऊन गेलेली असते; जोहरला, म्हणजे दुपारच्या नमाजेला, वेळ असतो. आधी परवानगी विचार, चपला बाहेर काढ, डोक्याला रुमाल बांध. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नकोस.

मग नुसता बस. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. नमाज तिकडे तोंड करून पढतात, म्हणून मेहराब, म्हणजे ती दिशा दाखवणारा कोनाडा, पश्चिमेच्या भिंतीत. पूर्वेला दार असेल तर सकाळचं ऊन गालिच्यावरच्या सफांच्या, म्हणजे नमाजेच्या रांगांच्या, रेघा ओलांडत आत येतं. मला हे फार आवडतं! वर बघ: जुन्या घुमटाला जाडजूड भिंती लागायच्या, आरसीसीत, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये, तोच भार सडपातळ खांब पेलतात. बाहेर रस्ता तापलेला, आत वजूच्या, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुण्याच्या, नळाचं थेंबथेंब पाणी तेवढं ऐकू येतं. फोटो मात्र विचारूनच काढ.