व्हिजिटर दुप्पट, ऑर्डर तेवढ्याच, मग कोर्स करू का?

तुझं पत्र मिळालं. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, काकांच्या तासगावच्या बेदाण्याची वेबसाइट तूच बघतेस, गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटवर किती जण, कुठून येतात ते मोजणारं गुगलचं साधन) युजर दुप्पट झालेत पण ऑर्डर जागच्या हलत नाहीत, आणि यातच करिअर करायचं म्हणून क्लासवाले 45 हजार मागतायत, तर भरू का?

आत्ता तरी नको भरूस.

आधी ते दुप्पट युजर तपास. युजर म्हणजे माणूस नाही गं, बहुतेक वेळा नुसता ब्राउझर. एकीनेच सकाळी फोनवर आणि रात्री लॅपटॉपवर साइट बघितली, लॉगिन नसेल तर झाले दोन युजर, शिवाय तू आणि काका दिवसभर साइट उघडून बघत असाल ते पण त्यातच (इंटरनल ट्रॅफिकचा, म्हणजे घरच्यांच्या भेटी वगळणारा, फिल्टर सुरुवातीला टेस्टिंगवर असतो, तो अ‍ॅक्टिव्ह करावा लागतो, हे बरेच जण विसरतात). वाढ डायरेक्टमध्ये, म्हणजे कुठून आले ते कळत नाही त्या गटात, दिसत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या लिंकाही बऱ्याचदा तिथेच जमा होतात, म्हणून लिंकला यूटीएम (कुठून आले ते सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावत जा. एंगेजमेंट रेट (साइटवर रमलेल्या भेटींचं प्रमाण) बघून पण हुरळू नकोस, 10 सेकंदांच्या वर थांबलं तरी सेशन, म्हणजे ती भेट, एंगेज्ड धरतात आणि आपल्याकडच्या नेटवर तेवढ्यात फोटो पण धड उघडत नाहीत.

खरं बघायचं ते पुढे. किती जणांनी माल कार्टमध्ये टाकला, किती चेकआउटला गेले, किती तिथून पळाले. डिलिव्हरी चार्ज शेवटच्या पानावर दिसतो का? परचेसचा आकडा काकांच्या वहीतल्या ऑर्डरींशी जुळतो का? हा ताळा तू बी.कॉम.वाली आहेस म्हणून बरा करशील, आणि नोकरीत कामही साधारण हेच असतं, डॅशबोर्ड काय कोणीपण बनवतं.

शिकायला गुगलचं स्किलशॉप (ऑनलाइन कोर्सची साइट) फुकट आहे, गुगल मर्चंडाइज स्टोअरचा (गुगलचं स्वतःचं ऑनलाइन दुकान) डेमो अकाउंट पण फुकट, त्यात खऱ्या दुकानाचा डेटा मिळतो. परीक्षा झाली की एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) घे, मग बिगक्वेरी (मोठा डेटा साठवायची-तपासायची गुगलची सेवा). काकांच्या साइटवर काय सापडलं आणि काय बदललं ते दोन पानांत लिहून ठेव, इंटरव्ह्यूला ते दाखव.

एवढं करूनही क्लास लावावासा वाटला तर आधी त्यांचा सिलॅबस माग, जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स (गुगल अ‍ॅनालिटिक्सची आधीची आवृत्ती) 1 जुलै 2023 पासून डेटा घेत नाही तरी काही ठिकाणी अजून त्याचेच स्क्रीनशॉट दाखवतात.