पूर्वीसारखा हळूहळू वाढवता येणारा कॉम्प्युटर आता का मिळत नाही?

तुम्ही विचारलंय की, एडिटिंगसाठी मशीन घ्यायचंय, आत्ता 16 जीबी घेऊन पुढे रॅम वाढवू म्हटलं तर दुकानदार म्हणतो जमणार नाही, किमतीही चढल्यात. ही कंपन्यांची लबाडी आहे की त्यामागे खरंच काही कारण आहे?

दोन्ही आहे. मी पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये काम करतो, म्हणून अॅपलच्या मॅक प्रो या व्यावसायिक डेस्कटॉपचंच उदाहरण घेतो.

2006 मध्ये तो 2,499 डॉलरला आला. आमच्याकडे होता तो 2010 चा टॉवर. मागची खिटी उचलली की बाजूचा पत्रा हातात. हार्ड डिस्क चार स्क्रूंनी ट्रेवर बसवायची आणि ट्रे आत ढकलायचा, वायर कुठेच नाही. प्रोसेसर आणि रॅमचा अख्खा ट्रे कपाटाच्या खणासारखा बाहेर यायचा. मेटल हे अॅपलचं ग्राफिक्स तंत्र चालणारं ग्राफिक्स कार्ड घातलं तर मॅकची 2018 ची मोजावे सिस्टीमसुद्धा त्यावर अधिकृतपणे चालायची. शेवटी शेवटी आमच्या मशीनमध्ये मूळचा डबा आणि पॉवर सप्लाय एवढंच उरलं होतं!

2013 च्या गोल डब्यात कार्डांचे स्लॉटच गेले. 2019 ला ते परत आले, रॅम दीड टीबीपर्यंत नेता यायची, पण सुरुवातच 5,999 डॉलरला (चाकांचे 400 वेगळे, हो, चाकांचे). 2023 चं मॉडेल आलं तेव्हा किंमत 6,999, आपल्याकडे 7,29,900 रुपये. रॅम 192 जीबीवर थांबली, म्हणजे आधीच्या मॉडेलच्या एक अष्टमांश. स्लॉट होते, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड चालत नव्हतं. 2006 चे 2,499 महागाई धरून पावणेचार हजारांच्या आसपास जातात. बाकीची वाढ महागाईच्या नावावर टाकता येत नाही.

आता कारणाचं. साध्या पीसीत डीडीआर5-5600 प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्या सेकंदाला 90 जीबीच्या आसपास डेटा पुरवतात. 2023 च्या मॅक प्रोतल्या एम2 अल्ट्रा चिपमध्ये तोच आकडा 800 आहे, कारण मेमरी चिपला अगदी लागून बसवलेली असते आणि ग्राफिक्सलाही तीच वापरायला मिळते. फ्रेमवर्क ही कंपनी दुरुस्त करता येणाऱ्या लॅपटॉपसाठी ओळखली जाते. तिनेही 2025 च्या डेस्कटॉपमध्ये रॅम बोर्डवर सोल्डर केली, म्हणजे कायमची डकवली, कारण त्यातल्या एएमडीच्या चिपला लागणारा वेग काढता येणाऱ्या मेमरीवर स्थिर राहीना. त्यामुळे सोल्डर केलेल्या रॅमला मी सरसकट लबाडी म्हणणार नाही.

स्टोरेजला मात्र ही सबब लागू नाही. अॅपलच्याच मॅक स्टुडिओ या डेस्कटॉपमध्ये एसएसडी (स्टोरेजची चिप-पट्टी) स्लॉटवरच बसते, पण ती अॅपलच्याच घडणीची, बाजारातली एम.2 मापाची एसएसडी तिथे चालत नाही. 2024 ला आलेल्या एम4 मॅक मिनी या छोट्या डेस्कटॉपमध्ये 16 ची 24 जीबी रॅम करायला तेव्हा 20,000 रुपये जास्त पडायचे, हाही निव्वळ धंदा.

विंडोजकडे गेलात तरी स्वस्ताई नाही. 2017 ला एनव्हिडियाचं जीटीएक्स 1080 टीआय ग्राफिक्स कार्ड 699 डॉलरला होतं, 2025 चं आरटीएक्स 5090 1,999 ला आलं. त्यात 2025 च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीने रॅम भडकली. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ या नावाचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे ‘पुढे घेऊ’ हा हिशेब सध्या सगळीकडेच धोक्याचा.

माझं मत विचाराल तर, नुसतं एडिटिंग आणि कलर असेल तर मॅक घ्या. पैसे रॅमवर घाला, आतलं स्टोरेज कमीत कमी ठेवा आणि फुटेज थंडरबोल्ट या वेगवान केबलने बाहेरून जोडायच्या एनव्हीएमई एसएसडीवर. थ्रीडी रेंडर असेल तर एएम5 सॉकेटचा (एएमडीचे प्रोसेसर बसणारा) टॉवर असेंबल करून घ्या. त्यातही 32-32 जीबीच्या दोनच पट्ट्या घाला. 16 च्या चार घातल्या तर चारही स्लॉट भरतात आणि रॅमचा वेग उतरतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांमधून निघालेली जुनी ब्रँडेड वर्कस्टेशनं स्वस्तात दिसतील. घेण्याआधी झाकण उघडून पॉवर सप्लायचा कनेक्टर बघा. तो बहुधा कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, आणि तसा असेल तर सप्लाय जळाल्यावर शेजारच्या दुकानातला बसणार नाही.